पाडव्याच्या रात्री आकाशातून पडलेली कडी

२ एप्रिल २०२२ आठवतोय? गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी विदर्भात, खानदेशात लोकांनी आभाळात जळत्या गोळ्यांची रांगच्या रांग सरकताना पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात एक भलीमोठी धातूची कडी येऊन पडली. आसपास धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीबच म्हणायचं. सणाचा दिवस, लोक घराबाहेर, अंगणात.

अग्निबाणांच्या हालचालींची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे अवशेष चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटला होता. उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला. प्रत्येक फेरीत जवळ आला की विरळ हवेला घासायचा, वेग थोडा कमी व्हायचा, आणि शेवटी खाली आला.

मग कुणी आधी सांगितलं का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. या कचऱ्यावर पाळत असते. मोठमोठी रडार दहा सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे टिपतात. पण सतत नजर नसते. तुकडा रडारच्या टप्प्यात आला की काही मिनिटं दिसतो आणि गेला. पुढचं सगळं गणित.

त्याची वाट बऱ्यापैकी ठाऊक असते, रुळांसारखी. घोळ होतो तो वेळेचा. आपल्याकडे इंडिकेटरवर गाडी दहा मिनिटं उशिरा दिसली तर आपण फार तर चरफडतो. इथे तुकड्याचा वेग सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर. म्हणजे डोंबिवलीहून ठाणं दोन सेकंदांत! दहा मिनिटांची चूक झाली की पडण्याची जागा साडेचार हजार किलोमीटरांनी सरकते. आपला अख्खा देश काश्मीर ते कन्याकुमारी याहून लहान आहे. वरची हवाही एकसारखी नसते. सूर्य तापला की ती फुगते, तुकडा लवकर खाली ओढला जातो. त्यामुळे शेवटच्या तासापर्यंत कुठल्या जिल्ह्यात पडेल ते सांगता येत नाही. कितीही चांगलं रडार असलं तरी.

खरा उपाय आधीच करायचा: काम संपलं की टप्प्यात थोडं इंधन राखून तो समुद्रावर मुद्दाम पाडायचा. सगळे देश ते करत नाहीत, आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. २००१ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीचा वरचा टप्पा कक्षेत फुटून तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. जुलै २०२२ मध्ये इस्रोने या पाळतीसाठी बंगळुरूत स्वतंत्र केंद्र सुरू केलं.

नुकसान झालंच तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अग्निबाण सोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावी लागते. १९७८ मध्ये कॅनडात सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह पडला, तेव्हा कॅनडाने पैसे वसूल केले होते.

आता ओळखायचं कसं? उल्का एक-दोन सेकंदांत विझते. अग्निबाणाचे तुकडे अर्धा-एक मिनिट सावकाश, आडवे, एकामागे एक जाताना दिसतात. आणि शेतात, गच्चीवर असा गोळा दिसलाच तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका. टाकीत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका, पोलिसांना कळवा. लाडबोरीची कडीही आधी सिंदेवाही पोलीस ठाण्यातच नेऊन ठेवली होती.