हरवलेला ड्रोन शोधायचा कसा?

डोंगरात हौसेने उडवलेला ड्रोन अचानक संपर्काबाहेर जातो. पडद्यावरचे चित्र गोठते. अशा वेळी बहुतेक जण ड्रोन गेला त्या दिशेने धावत सुटतात. पण शोधाची सुरुवात हातातल्या रिमोटपासून होते.

आधी थांबा, नोंद पाहा

संपर्क तुटला म्हणजे ड्रोन पडलाच, असे नाही. 'रिटर्न टू होम' ही सोय असलेला ड्रोन सिग्नल तुटल्यावर आपोआप उड्डाणाच्या जागी परतू लागतो. त्यामुळे रिमोट आणि अ‍ॅप बंद न करता, ड्रोनची बॅटरी संपेल इतका वेळ तिथेच वाट पाहावी.

तो आलाच नाही, तर अ‍ॅपमधील शेवटचे ठिकाण पाहावे. डीजेआयच्या अ‍ॅपमध्ये त्यासाठी 'फाइंड माय ड्रोन' हा पर्याय असतो. संपर्क शिल्लक असेल, तर ड्रोनचे दिवे आणि आवाजही त्यातून सुरू करता येतात. नकाशाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा.

ठिपका म्हणजे पडण्याची जागा नव्हे

नकाशावरचा ठिपका शेवटचा सिग्नल कुठून आला एवढेच सांगतो. 100 मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला साधारण साडेचार सेकंद लागतात. ड्रोनचा वेग सेकंदाला 10 मीटर असेल, तर तो ठिपक्यापासून चाळीसएक मीटर पुढे पडू शकतो. वाऱ्यामुळे हे अंतर कमी-जास्त होते. म्हणून शेवटची उंची, वेग आणि दिशाही पाहावी आणि ठिपक्यापासून त्याच दिशेने पट्टे पाडून शोध घ्यावा. झाडांचे शेंडेही तपासावेत. बॅटरीत जीव असेल, तर अंधार पडताना दिवे लांबून दिसतात.

खरी तयारी उड्डाणाआधीची

• 'होम पॉइंट' नोंदला गेल्याची खात्री झाल्याशिवाय उड्डाण करू नये. तो चुकला, तर ड्रोन चुकीच्या जागी परततो.

• परतीची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. पायथ्याशी उभे राहून ती 60 मीटर ठेवली आणि वाटेत 90 मीटरची डोंगरसोंड असली, तर ड्रोन तिच्यावर आदळू शकतो.

• जाताना वारा पाठीशी असेल, तर परतताना तो समोरून येतो आणि बॅटरी लवकर संपते. शक्यतो आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे.

• स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर बसवावा. मुख्य बॅटरी निखळली तरी तो वाजत राहतो. ब्लूटूथ टॅगला मात्र जवळपास फोन लागतात, त्यामुळे निर्जन रानात त्याचा उपयोग कमी.

• ड्रोनवर फोन नंबर चिकटवावा. रानात तो सापडण्याची शक्यता गुराखी किंवा शेतकऱ्यालाच जास्त असते.

सापडल्यावर घाई नको

फुगलेली किंवा चेपलेली लिथियम बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. वाळलेल्या गवतात हा धोका मोठा. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी. म्हणूनच ड्रोन शोधणे हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. रानात पडून राहिलेली बॅटरी वणव्याचे कारण ठरू शकते.