नव्या घरातील धुराडे

बारामती-इंदापूर भागात नवी घरे भराभर उठत आहेत. नकाशात ओटा असतो, गॅसची जागा असते, न्हाणीत गीझर असतो. चूल मात्र नसते. पण घराच्या मागच्या अंगाला जाऊन पाहावे: पत्र्याच्या आडोशाला तीन विटा आणि शेजारी पाणी तापवायचा बंब. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गोरगरिबांच्या घरी टाकी पोहोचली, हे चांगलेच झाले. परंतु 14.2 किलोची टाकी संपली आणि हाती पैसे नसले, किंवा थंडीच्या पहाटे वीज गेली, की जाळ परत येतोच. तेव्हा त्याच्या धुराला आपण वाट ठेवली आहे काय?

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत स्वयंपाकघराला भांडी घासण्याची सोय, पाणी न मुरणारी जमीन, खिडकी किंवा झरोका सांगितला आहे, आणि गरज वाटल्यास धुराडे. आता ही गरज वाटायची कोणाला? नकाशा काढणारा चुलीपुढे बसत नाही. जी बसते तिला नकाशा कोणी दाखवीत नाही. शिवाय संहिता ही शिफारस. राज्याने वा नगरपालिकेने आपल्या नियमांत घेतली तरच बंधन. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा ठरली, त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरली. पण जागा मिळाली म्हणजे धुराला वाट मिळाली असे नव्हे. ऑस्ट्रियातील काही प्रांतांनी, घर एरवी दुसऱ्या साधनाने तापत असले तरी अडचणीच्या वेळेसाठी नव्या घरात एक धुराडे असावे, असा नियम केला होता.

खिडकी आहे, मग धुराडे कशाला, असे गवंडी विचारतो. खिडकीतून वारा बाहेर जातो तसा आतही येतो. नळीत हवा तापते, हलकी होऊन वर चढते आणि मागून धूर ओढून घेते. नळी उंच तर ओढ जास्त. म्हणून ती आढ्याच्या वर काढावी. लाकडी वाशाला टेकू देऊ नये, आणि काजळी वरचेवर खरवडावी. ती पेट घेते.

शेगडीचे याहून वाईट. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून माणसे ती आत घेऊन दारे लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस उठतच नाही.

हे सारे पक्क्या घरांचे झाले. गळीत हंगामात याच तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांना नकाशाच नाही, मग संहिता कोठली? पाचटाचे छप्पर, आत किंवा दाराशी चूल, जवळच झोळीत मूल. पाचटातून नळी काढता येत नाही. ठिणगी बसली की कोपी गेली. तेव्हा तळावर कारखान्याने पत्र्याची, तीन बाजूंनी मोकळी, स्वयंपाकाची सामाईक छपरी बांधून द्यावी, एवढी तरी मागणी आहे. उचल ठरते हंगामाच्या आधी. छपरीचे बोलणेही तेव्हाच, मजूर गाव सोडण्यापूर्वी, व्हायला हवे.