निळ्या पाण्याची निगा

२००७च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहरात वेस्ट नाईल तापाचे रुग्ण एकाएकी वाढले. विषाणू तसा नवा नव्हता. १९३७ साली तो युगांडात प्रथम सापडला, १९९९मध्ये न्यूयॉर्कला उतरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत पक्ष्यांबरोबर अख्खा देश ओलांडून पश्चिम किनाऱ्याला पोहोचला. पक्ष्यांच्या रक्तातून तो क्युलेक्स डासांमार्फत माणसाकडे येतो. बहुतेकांना काहीच होत नाही. थोड्यांच्या मात्र तो मेंदूपर्यंत जातो, आणि त्यांतले काही दगावतात. कोडं होतं ते डासांचं. बेकर्सफील्ड म्हणजे तेलविहिरींचं, कोरड्या हवेचं शहर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पाऊस जवळपास नाहीच. मग डासांना पाणी मिळालं कुठे?

ते आकाशातून दिसत होतं. घरांच्या मागच्या अंगणातले पोहण्याचे तलाव निळ्याऐवजी हिरवे झाले होते. बदलत्या व्याजदराची गृहकर्जं लोकांना झेपेनाशी झाली, थकबाकीच्या नोटिसांचं प्रमाण ३०० टक्क्यांनी वाढलं, माणसं घरं सोडून गेली आणि तलाव मागे राहिले. डासांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००८ साली हा सगळा हिशेब प्रसिद्ध केला. त्या उन्हाळ्यात वेस्ट नाईलच्या रुग्णांत झालेली २७६ टक्के वाढ त्यांनी या बेवारस तलावांशी जोडली होती.

थकलेला हप्ता आणि शेजाऱ्याचा मेंदूज्वर यांना जोडणारी मधली कडी म्हणजे एक बंद पडलेला पंप. ती कडी समजून घ्यायची तर चालू तलाव कसा चालतो हे आधी पाहायला हवं.

घरचा तलाव म्हणजे वाहत्या पाण्याचं सोंग घेतलेलं साचलेलं पाणी. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८ हजार लिटर पाणी मावतं. काठालगतचं स्किमरचं तोंड वरचा पालापाचोळा ओढतं, तळाची मोरी खालचं पाणी ओढते. पंप ते वाळूच्या फिल्टरमधून ढकलून पुन्हा तलावात सोडतो. तासाला आठ हजार लिटर फिरवणारा पंप असेल, तर तलावभर पाणी फिरवायला सहा तास लागतात. (तळाच्या मोरीची ओढ साधी नसते. तिने धरून ठेवल्यामुळे मुलं बुडाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २००७मध्येच अशा मोऱ्यांच्या जाळ्यांना सुरक्षेचे निकष लावणारा कायदा केला. तुटलेली जाळी दिसली तर ती बदलेपर्यंत पाण्यात कुणी उतरू नये.)

वाळूच्या फिल्टरची एक गंमत आहे. अगदी स्वच्छ वाळूतून बारीक कण निसटतात. थोडा मळ अडकला की त्या मळाचीच चाळणी होते आणि पाणी अधिक नितळ निघतं. म्हणून रोज उठून फिल्टर उलट धुणारा उत्साही मालक पाण्याचं नुकसानच करत असतो. गेजवरचा दाब स्वच्छ स्थितीपेक्षा आठ-दहा पौंडांनी चढला की बॅकवॉश करावा, एरवी त्याला हात लावू नये.

पण फिल्टर जंतू मारत नाही. ते काम क्लोरिनचं, आणि इथेच खरी मेख आहे. आपल्या खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तेच हे रसायन. ४८ हजार लिटरमध्ये दशलक्षात एक भाग क्लोरिन राखायला फक्त ४८ ग्रॅम पुरतात. प्रश्न एवढाच, की ते टिकत नाहीत. क्लोरिन पाण्यात विरघळल्यावर त्याची दोन रूपं होतात, एक जंतू झपाट्याने मारणारं आणि दुसरं सुस्त. कुठलं किती, हे पीएच ठरवतो. साडेसात पीएचला निम्मं-निम्मं असतं. साडेआठला कामाचं रूप जेमतेम दहा टक्के उरतं. म्हणजे चाचणीच्या पट्टीवर क्लोरिन भरपूर दिसतो आणि प्रत्यक्षात तो झोपलेला असतो. तलावावर ‘क्लोरिनचा वास’ येतो, तो बहुधा क्लोरिनचा नसतोच. घाम आणि मूत्र यांच्याशी त्याचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. असा उग्र वास आला की क्लोरिन जास्त झाला असं लोक समजतात. खरं तर तो बहुतेक वेळा कमी पडलेला असतो.

शिवाय ऊन. उघड्या क्लोरिनचा निम्मा भाग भर उन्हात तासाभराच्या आत उडून जातो. यावर उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. ते क्लोरिनवर छत्री धरतं. बाजारातल्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांत ही छत्री आधीच असते, म्हणून त्या सोयीच्या. मात्र क्लोरिन संपतो आणि छत्री मागे राहते. ती उन्हाने जात नाही, बाष्पाबरोबर उडत नाही. दर गोळीगणिक साचते आणि अखेर क्लोरिनला इतकं धरून ठेवते की तो शेवाळापुढे हतबल होतो. मग मालक आणखी गोळ्या टाकतो! यावर एकच साधा उपाय आहे, थोडं पाणी काढून टाकून ताजं भरणं. घाईने दुसरं काही मिसळू नये. ट्रायक्लोरची भुकटी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात आले तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले तर विषारी वायू निघतो.

तज्ज्ञांच्या हातूनही हे गणित बिघडतं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूरमारीचा तलाव एका रात्रीत पाचूसारखा हिरवा झाला. कंत्राटदाराने त्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइडही जंतुनाशक आणि क्लोरिनही, पण एकत्र आले की पेरॉक्साइड क्लोरिनला निकामी करतं.

बेकर्सफील्डमध्ये चुकीचं काही ओतायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. वीज तुटली, पंप थांबला. उन्हाने उरलासुरला क्लोरिन खाल्ला, काही दिवसांत शेवाळ धरलं. क्युलेक्सची मादी एका वेळी शे-दोनशे अंडी तराफ्यासारखी पाण्यावर सोडते. गरम पाण्यात आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. तलाव कुंपणाच्या आत होता, डासांना कुंपण नव्हतं. डास-नियंत्रणवाल्यांनी अशा तलावांत अळ्या खाणारे गंबुसिया मासे सोडले. २००८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की जप्तीतून घर घेणाऱ्याने ते राखलं नाही, पाण्यात डासांच्या अळ्या होऊ दिल्या, तर दिवसाला १००० डॉलरपर्यंत दंड होईल. कर्जबुडव्यावर नव्हे, घराच्या नव्या मालकावर. आणि हा मालक बहुतेकदा बँकच असे. मला यातला न्याय पटतो.

गंबुसिया मुंबईला अनोळखी नाही, विहिरींत तो सोडला जातोच. १९११मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचं मूळ शहरातल्या विहिरींत दाखवलं, तेव्हा विहिरी बंद करायला धर्मभावनेतून, विशेषतः पारशी समाजातून, विरोध झाला होता. तिथला गुन्हेगार अॅनॉफिलिस स्टीफेन्सी, आणि त्याला घाण पाणी लागत नाही. विहीर, गच्चीवरची टाकी, असं नितळ पाणीच त्याला मानवतं. लोणावळा, अलिबाग, गोवा इथले भाड्याचे बंगले शनिवार-रविवारी भरतात आणि हंगाम संपला की बंद होतात. बिल वाचवायला पंप थांबवला जातो, पावसाने क्लोरिन पातळ होतो. शेवाळ धरायच्या आधीचे काही दिवस तो तलाव काठावरून अगदी निळा दिसतो.