डीएमएलटी करण्याआधी

बारावीत मार्क कमी पडले, मेडिकल हुकले, की कोणीतरी नातेवाईक सांगतोच, "डीएमएलटी कर, उद्या स्वतःची लॅब काढशील!" या सल्ल्याचा उत्तरार्ध फसवा आहे. लॅबच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. पण म्हणून तंत्रज्ञाचे काम हलके ठरत नाही. साखरेसाठी घेतलेले रक्त साध्या नळीत तसेच पडून राहिले, तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा कमी उतरतो. म्हणून फ्लोराइडची नळी. मलेरियाचा जंतू दिसायचा, तर काचपट्टीवर रक्ताचा थर नीट पसरायला हवा. हे वळण पुस्तकाने लागत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीत तीन वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप आहे, ती याचसाठी. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पदविकेलाही किमान दोन वर्षे आणि २,००० तास घातले आहेत. सहा महिन्यांत 'लॅब टेक्निशियन' बनवून देणाऱ्यांच्या जाहिराती या हिशेबात कुठे बसतात? फी भरण्याआधी पालकांनी एवढे तरी विचारावे, की आमची मुलगी नमुने हाताळायला कोणत्या रुग्णालयात जाणार, आणि किती महिने?