सावलीची रेघ आणि ओंजळभर पाणी

२८ मेच्या दुपारी रत्नागिरीजवळच्या पालीत असाल तर अंगणात एक सरळ काठी उभी करा आणि बरोबर २ वाजून ४८ मिनिटांनी तिची सावली पाहा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा. ही रेघ तशीच सरळ पुढे नेत गेलात, रत्नागिरीचा किनारा आणि सगळा अरबी समुद्र ओलांडलात, की थेट मक्केत, काबागृहापाशी पोचाल! होकायंत्र नको, उपग्रह नको. एक काठी आणि एक घड्याळ पुरे.

हे कसं घडतं? मक्का कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा तिथे सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन असेल, तिथली प्रत्येक सावली मक्केकडे पाठ करून पडते. दुसरी संधी १५-१६ जुलैला असते, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसायचा कुठे!

आता समजा, या भागात विद्यापीठाच्या एखाद्या आवारात नमाजखाना बांधायचा आहे, आणि तोही वीज, पाणी, सिमेंट जपून. पहिली भिंत त्या रेघेनेच ठरवून टाकली. किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना ज्या काबागृहाकडे तोंड करतात त्याची, दिशा इथे पश्चिमेपासून सुमारे १३ अंश उत्तरेला कलते. ही समोरची भिंत बहुधा बंदच ठेवतात, नमाज पढताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून. पण कोकणात पश्चिमेकडून काय काय येतं, आठवून पाहा. मे महिन्यातलं कलतं, भाजणारं ऊन पश्चिमेचं. जूनपासून आडवी झोडपणारी सरही समुद्राच्याच बाजूची. इथल्या जाणत्या गवंड्याला विचारलंत तर तोही हीच भिंत जाड आणि बिनखिडकीची बांधायला सांगेल. उपासनेची गरज आणि हवेची गरज एकाच भिंतीत येऊन भेटतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

भिंत कशाची? पायाखाली जांभा आहे की! खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, सहज तासला जातो. मग वारा लागला की तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. भट्टी न लावता, काडीही न जाळता तयार होणारी वीट!

वारा कुठून घ्यायचा? उत्तर-दक्षिणेच्या जाळ्यांतून. पण त्या किती उंचीवर? वर्गात आपण बाकावर बसतो, इथे माणूस जमिनीवर बसतो, कपाळ जमिनीला टेकवतो. म्हणजे झुळूक गुडघ्याच्या उंचीवरून आत यायला हवी, आणि तापलेली हवा वर कौलांखालच्या फटींतून बाहेर जायला हवी.

आणि पाणी? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे १०० चौरस मीटर छपराच्या पागोळ्यांतून तीन लाख लिटर! पैगंबर एका ‘मुद्द’मध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरात वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करत, असं हदीसमध्ये नोंदलेलं आहे. आपण दोन लिटर धरू, तरी त्या एका छपरावर दीड लाख वजूंचं पाणी पडतं. वजूला साबण लागत नाही, त्यामुळे वापरलेलं पाणी सरळ माडा-पोफळींना सोडता येतं. तरीही मे महिन्यात आपण टँकरची वाट पाहतो, कारण पागोळ्यांखाली हौदच नाही.

उपासनेच्या जागी पाण्याचा असा विचार करणं आजच सुचलेलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, अठराव्या शतकात हे करून दाखवलंय. मशीद, शिकणाऱ्यांची आणि फकिरांची राहण्याची सोय, सगळं एकाच ठिकाणी. काही किलोमीटरवरून, हर्सूलकडच्या डोंगरातून पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून यायचं. इथे ते उंच मनोऱ्यात आपोआप चढायचं! का? उगमाची पातळी त्याहून उंच म्हणून. तिथून पडणाऱ्या धारेवर चक्की फिरायची आणि आवारातल्या लोकांसाठी दळण व्हायचं. मशिदीसमोरचा हौदही याच पाण्याचा.

आणि त्या हौदाच्या खाली काय असेल? चक्क एक मोठं दालन! हौदाचा तळ हेच त्याचं छत. वर हजारो लिटर पाणी डुलतंय आणि खाली जाड खांबांमध्ये, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, गार सावली. काम संपलेलं पाणी पुढे खाम नदीला.

एकाच पाण्याने दळण दळलं, हौद भरला आणि दालन गार केलं. कोकणात असा नमाजखाना बांधायला घेणाऱ्याने आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधी त्या हौदाखाली जाऊन घटकाभर उभं राहून यावं.