जपानी प्राचीन तलवारींचा संग्रह आणि हौशी अभ्यासकांची ग्रंथनिर्मिती

प्रस्तावना :

तलवार हे मूलतः मारक शस्त्र होय. जपानमध्ये मात्र तलवारीच्या पात्याला शस्त्रापलीकडचे स्थान लाभले. घराण्याचा वारसा, देवस्थानाला अर्पण करावयाची पवित्र वस्तू आणि पोलादातील कलाकृती अशा तिन्ही नात्यांनी ते शतकानुशतके जपले गेले. अशा प्राचीन तलवारींचा संग्रह करणारे लोक आज जपानबाहेरही आहेत. या संग्राहकांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या विषयावरील ग्रंथ स्वतःच्या खर्चाने, मोजक्या प्रतींत आणि मुख्यतः समानशील अभ्यासकांसाठी छापले. वरवर पाहता हा श्रीमंती छंदाचा एक भाग वाटतो. वस्तुतः संग्रह आणि ग्रंथ यांचा संबंध याहून खोल आहे. ज्या वस्तूचे ज्ञान ती वस्तू हातात घेतल्याशिवाय मिळत नाही आणि जी वस्तू बहुधा खाजगी घरातच असते, तिच्याविषयीचे ज्ञान नोंदीवाचून टिकत नाही. हा संबंध उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पाते वाचण्याचे शास्त्र :

जपानी तलवारीचे पोलाद वारंवार घड्या घालून ठोकलेले असते. त्यामुळे पात्याच्या पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी वीण उमटते. पाण्यात बुडविण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप देतात. धारेकडे तो पातळ व पाठीकडे जाड असतो. परिणामी धार वेगाने थंड होऊन कठीण बनते, तर पाठ तुलनेने मऊ व चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी धूसर पांढरी रेषा दिसते तिला ‘हामोन’ म्हणतात. वीण, हामोन आणि पात्याचा बाक यांवरून जाणकार पात्याचा काळ व घराणे ठरवितात. यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच परंपरा प्रमुख मानल्या जातात. कालदृष्ट्या इ.स. १६०० च्या सुमारापर्यंतच्या तलवारींना ‘कोतो’, म्हणजे जुन्या, आणि त्यानंतरच्या तलवारींना ‘शिंतो’, म्हणजे नव्या, असे संबोधले जाते.

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला ‘नाकागो’ म्हणतात. कारागिराची सही याच भागावर छिन्नीने कोरलेली असते. हा भाग कधीही घासून स्वच्छ करावयाचा नसतो, कारण त्यावरील गंजाचा रंग व पोत हाच वयाचा पुरावा असतो. तथापि, केवळ सहीवर विसंबणे धोक्याचे ठरते. नामवंत कारागिरांच्या नावे खोट्या सह्या कोरण्याची प्रथा जुनी आहे. उलटपक्षी, लांब पाते पुढील काळात आखूड करताना खालचा भाग कापला गेल्याने अनेक अस्सल तलवारींची सही कायमची नाहीशी झाली आहे. शिवाय एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी धारण केलेले असते. बिझेन प्रांतातील ‘सुकेसादा’ हे नाव याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

सतराव्या शतकातील नागासोने कोतेत्सु या कारागिराच्या तलवारींचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. त्याच्या नावातील ‘तोरा’, म्हणजे वाघ, या अक्षराचे वळण १६६४ च्या सुमारास बदलले. आधीच्या सह्यांत या अक्षराची शेवटची रेघ झोकदार वर जाते, तर नंतरच्या सह्यांत ते पेटीसारखे चौकोनी दिसते. पात्यावरील सन आणि अक्षराचे वळण यांचा मेळ बसत नसेल तर सहीविषयी संशय घेण्यास जागा राहते. हा निकष एकच तलवार पाहून हाती लागणारा नाही. अनेक विश्वसनीय सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात आणि त्या तलवारी तर वेगवेगळ्या मालकांच्या घरी असतात. त्यांना एकत्र आणण्याचे एकमेव साधन म्हणजे ग्रंथ होय.

२. ठसा : तलवारीची कागदावरील प्रत :

शिलालेखाच्या अभ्यासकाला ठशाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जपानी तलवारीच्या अभ्यासात हेच कार्य ‘ओशिगाता’ करते. नाकागोवर पातळ पण चिवट कागद घट्ट धरून त्यावर मेणयुक्त शाईची कांडी फिरवितात. त्यामुळे सही, कानशीच्या रेघा आणि खिळीचे छिद्र हुबेहूब उमटतात. पात्याची बाह्यरेषाही याच पद्धतीने घेतात. हामोन मात्र ठशाने उमटत नाही. पाते दिव्याखाली तिरपे धरून, पाहत पाहत ते हाताने रेखाटावे लागते. साहजिकच उत्तम ओशिगाता हे यांत्रिक प्रतिरूप नसून जाणत्या नजरेने केलेले वाचन असते. छायाचित्रणाच्या सोयी वाढल्यानंतरही ही पद्धत मागे पडली नाही, कारण चकचकीत पात्यावरील सूक्ष्म भेद एकाच छायाचित्रात पकडणे कठीण असते.

३. ग्रंथांची जुनी परंपरा :

तलवारींविषयीच्या नोंदींची जपानमधील परंपरा दीर्घ आहे. उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे हस्तलिखित ‘मेइझुकुशी’ या प्रकारातील असून ते क्योतो येथील तोजी मंदिराच्या कांची-इन या उपमंदिरातून आले आहे. १४२३ मध्ये केलेली ही प्रत त्याहून शंभरएक वर्षे जुन्या मजकुरावर आधारलेली आहे. पुढे तलवारींची पारख व शिकलगारी हे होन्आमी घराण्याचे वंशपरंपरागत कार्य झाले. शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून या घराण्याने १७१९ मध्ये नामांकित तलवारींची ‘क्योहो मेइबुत्सुचो’ ही सूची सादर केली. छापील ग्रंथांचाही प्रसार याच काळात झाला. कांदा हाकुर्यूशी याचा नव्या तलवारींवरील ‘आरामी मेइझुकुशी’ हा ग्रंथ १७२१ चा आहे.

‘मेइबुत्सुचो’ची एक बाब विशेष लक्षणीय आहे. तीत आगीत होरपळलेल्या तलवारींचा स्वतंत्र विभाग आहे. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा आणि १६५७ मध्ये एदो शहराला लागलेल्या महाआगीत अनेक श्रेष्ठ पाती भाजून निघाली. आगीत पोलाद उरते, परंतु धारेचा कठीणपणा आणि हामोन नष्ट होतात. पात्याला पुन्हा पाणी देता येते, पण मूळ कारागिराची रेषा परत येत नाही. अशा तलवारींचे जे ज्ञान शिल्लक आहे ते नोंदीपुरतेच होय.

४. शस्त्र ते संग्रहवस्तू :

मार्च १८७६ मध्ये जपानी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास मनाई केली. सामुराई वर्गाचे तलवारीशी असलेले नित्याचे नाते संपले आणि तलवारी व त्यांचे अलंकृत साज बाजारात आले. युरोपीय संग्राहकांनी प्रारंभी ‘त्सुबा’, म्हणजे हाताचे रक्षण करणारी चकती, व मुठीवरील नक्षीकाम यांना पसंती दिली. पाते वाचण्याची विद्या त्यांना अवगत नव्हती. ही उणीव भरून काढण्याचे काम ज्यांनी केले त्यांत आंरी जोली यांचे नाव अग्रगण्य आहे. इनादा होगितारो यांच्या सहकार्याने त्यांनी अराई हाकुसेकी यांच्या ‘होंचो गुंकिको’ या ग्रंथातील तलवारविषयक भागाचे इंग्रजी भाषांतर १९१३ मध्ये खाजगीरीत्या छापून प्रसिद्ध केले. मुठीवर मढविल्या जाणाऱ्या माशाच्या कातड्यासंबंधीचा एक जुना जपानी ग्रंथही त्यातच समाविष्ट आहे. इतक्या मर्यादित विषयाला व्यापारी प्रकाशक मिळणे दुरापास्त होते, हे सहज समजण्यासारखे आहे.

५. १९४५ चे संकट :

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने जपानी नागरिकांना शस्त्रे जमा करण्याचा आदेश दिला. त्यात वारसाहक्काने आलेल्या तलवारीही सापडल्या. काही वितळविल्या गेल्या, काही समुद्रात टाकल्या गेल्या, तर असंख्य तलवारी सैनिकांनी आठवण म्हणून मायदेशी नेल्या. होंमा जुंजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नल कॅडवेल या अमेरिकी अधिकाऱ्याला कलात्मक तलवारींचे मूल्य पटवून दिले आणि अशा तलवारींना सूट मिळाली. तोक्यो परिसरात जमा झालेल्या तलवारींपैकी सुमारे साडेपाच हजार कलामूल्य असलेल्या म्हणून वेगळ्या काढण्यात आल्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ ही संस्था स्थापन झाली. ही संस्था आजही तलवारींची पारख करून प्रमाणपत्रे देते. तिचे संग्रहालय २०१८ पासून तोक्योच्या र्योगोकु भागात आहे.

या काळातील दोन घटना नोंदीचे मोल स्पष्ट करतात. तोकुगावा घराण्याची ‘होन्जो मासामुने’ ही विख्यात तलवार डिसेंबर १९४५ मध्ये पोलिसांकडे जमा करण्यात आली. ती नंतर बेपत्ता झाली आणि आजतागायत तिचा शोध लागलेला नाही. याउलट कागोशिमा येथील तेरुकुनी देवस्थानाची, कुनिमुने या कारागिराने घडविलेली तलवार अमेरिकेत वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाला विकत मिळाली. ती राष्ट्रीय संपदा असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांनी कोणताही मोबदला न घेता १९६३ मध्ये ती देवस्थानाला परत केली. पहिली तलवार उद्या कोठे आढळलीच, तर तिची ओळख जुन्या नोंदींच्या आधारेच पटवावी लागेल.

६. अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी :

युद्धानंतर अमेरिकेत पोहोचलेल्या तलवारींच्या मालकांपुढे प्रश्न साधा होता : ही सही कोणाची? चिनी-जपानी अक्षरे न जाणणाऱ्यांना त्याचे उत्तर देण्यासाठी कॅलिफोर्नियातील विलिस हॉले यांनी १९६० च्या दशकात कारागिरांच्या नावांचा दोन खंडांचा कोश स्वतःच प्रकाशित केला. सुमारे १२,००० कारागिरांनी वापरलेली १३,५०० नावे त्यात होती. १९८१ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली. तोक्यो येथून अल्बर्ट यामानाका यांनी १९६८ पासून इंग्रजीत एक वार्तापत्र चालविले आणि जपानी अभ्यासकांची परिभाषा परदेशी वाचकांपर्यंत पोहोचविली. अशा प्रकाशनांचा वाचकवर्ग शेकड्यांत मोजण्याइतका असतो. त्यामुळे आगाऊ वर्गणी, मोजक्या प्रती आणि पदरमोड हाच त्यांचा आर्थिक पाया राहिला आहे.

या ग्रंथांचा उपयोग पारखीच्या बैठकांत प्रत्ययास येतो. तेथे नाकागो झाकून पाते अभ्यासकांच्या हाती दिले जाते आणि प्रत्येकाने कारागिराचे नाव लिहून द्यावयाचे असते. उत्तर अचूक आहे, त्याच घराण्यातील आहे की सर्वस्वी चुकीचे आहे, हे परीक्षक सांगतो. ग्रंथात वाचलेले पात्यावर ताडून पाहण्याची आणि पात्यावर दिसलेले ग्रंथात पडताळण्याची ही शिस्त आहे.

७. मर्यादा :

या ग्रंथनिर्मितीच्या मर्यादाही लक्षात घेणे अगत्याचे आहे. स्वतःच्या संग्रहाची सूची स्वतःच छापणारा संग्राहक अप्रत्यक्षपणे आपल्या वस्तूंचे मोलही वाढवीत असतो. कारागिरांना दिलेल्या श्रेणी वा गुण अभ्यासाच्या सोयीसाठी असतात, परंतु बाजारात त्यांचे रूपांतर किमतीत होते. एखादी खोटी सही अस्सल म्हणून छापली गेली की ती पुढील पारखीचा आधार बनते आणि चूक पसरत जाते. तटस्थ परीक्षण नसणे हा या ग्रंथांचा मुख्य दोष होय. थोड्या प्रतींमुळे ती ग्रंथालयांत क्वचितच पोहोचतात आणि काही वर्षांत स्वतःच दुर्मिळ संग्रहवस्तू बनतात, हीदेखील एक विसंगतीच म्हणावी लागेल.

समारोप :

तलवारीचे आयुष्य माणसाहून मोठे असले तरी ते अक्षय नाही. शिकलगाराच्या प्रत्येक हातासरशी पोलादाचा पातळसा थर कमी होतो आणि अननुभवी हातांनी केलेली एकच घासणी कित्येक शतकांचा पुरावा पुसून टाकते. संग्रहही स्थिर नसतो. कॉम्प्टन यांच्या तलवारींचे प्रदर्शन व सूची १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीने सिद्ध केली. त्यांच्या निधनानंतर १९९२ मध्ये तो संग्रह लिलावात विखुरला गेला. त्या तलवारी पुन्हा एकत्र येण्याची शक्यता नाही, परंतु सूचीच्या पानांवर त्या एकत्रच आहेत. संग्राहक हा वस्तूचा तात्पुरता सांभाळकर्ता असतो. आपल्या काळात पाते कसे होते हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे हे त्याचे पुढच्या सांभाळकर्त्याविषयीचे कर्तव्य ठरते. मोजक्या प्रतींच्या या ग्रंथांचे मूल्यमापनही त्यांच्या खपावरून न करता, ते हे कर्तव्य किती काटेकोरपणे पार पाडतात यावरून होणे उचित ठरेल.