मोठा टीव्ही घेतला, पण साफ चित्र आणायचे कुठून?
अँटेना, केबल की छत्री : घरखर्चाच्या नजरेतून हिशोब

ईद, लग्नसराई किंवा दिवाळीच्या सवलतीत आपल्याकडे मोठा टीव्ही घेतला जातो. दुकानात त्यावर चाललेले चित्र इतके साफ असते की पानावरचे दवबिंदू मोजून घ्यावेत. तोच टीव्ही घरी येतो, भिंतीवर बसतो, जुनी तार जोडली जाते आणि चित्र धुरकट दिसू लागते. ग्राहक दुकानदाराशी भांडतो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनीचा माणूस येतो, सेट तपासतो आणि सेट ठीक असल्याचे सांगून निघून जातो. बहुतेक वेळा तिघेही आपापल्या जागी खरे असतात. खोट सेटमध्ये नसते, सेटपर्यंत येणाऱ्या मालात असते.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागू नये. शिलाई कितीही सुबक असली तरी कापड हलके असेल तर कपडा हलकाच होतो. टीव्ही ही शिलाई आहे, येणारे चित्र हे कापड आहे.

एचडी म्हणजे नेमके काय?

कापडाचा दर्जा आपण इंचात किती धागे बसले यावर पाहतो. चित्राचेही तसेच आहे. साध्या वाहिनीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. एकाच मापाच्या कापडात पाचपट धागे, असा हा फरक आहे.

हा फरक डोळ्याला दिसेल की नाही, ते पडदा किती मोठा आणि आपण किती लांब बसतो यावर ठरते. ढोबळ हिशोब असा की ३२ इंची टीव्हीपासून आठ फुटांपेक्षा लांब बसलात तर साधे आणि एचडी यांतला फरक फारसा जाणवत नाही. ५५ इंची पडद्यावर मात्र तो तेरा फुटांवरूनही दिसतो. जितका पडदा मोठा, तितके साधे चित्र जास्त ताणले जाते आणि विरळ दिसते. म्हणून मोठा टीव्ही घेणाऱ्याने चित्राचा बंदोबस्त आधी करावा. छोटा टीव्ही लांबून पाहणाऱ्याने एचडीसाठी जादा पैसे भरण्याआधी दोनदा विचार करावा.

छतावरचा अँटेना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर वीस वर्षे छतावरचा अल्युमिनियमचा अँटेना हीच घराची शान होती. अमेरिकेत राहणारे नातेवाईक आजही सांगतात, "अँटेना लावा, एचडी फुकट मिळते." त्यांचे म्हणणे त्यांच्या देशापुरते खरे आहे. तिथे १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद होऊन सर्व डिजिटल झाले आणि गावातली केंद्रे एचडी चित्र हवेतून विनामूल्य देऊ लागली. त्यांच्याकडे अँटेना हा खरोखर किफायतीचा सौदा आहे.

आपल्याकडे तसे झाले नाही. दूरदर्शनने जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली मुंबई, औरंगाबाद यांसह १६ शहरांत सुरू केले, पण खासगी वाहिन्यांना ही वाट कधीच खुली झाली नाही. जुने प्रक्षेपण करणारे बहुतेक मनोरे २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. म्हणून महाराष्ट्रात एचडीसाठी अँटेनावर पैसा घालू नये. खरी निवड केबल आणि छत्री यांच्यातच आहे.

केबल : मोहल्ल्यातला माणूस

केबलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती चालवणारा माणूस ओळखीचा असतो. बिघाड झाला तर मुलगा शिडी घेऊन येतो. दाट वस्तीत, जिथे समोरची इमारत आकाश अडवते, तिथे केबलशिवाय इलाज नसतो. आता बरेच केबलचालक त्याच जोडणीसोबत इंटरनेटही देतात. मुलांच्या अभ्यासाला आणि दुकानाच्या कामाला ते उपयोगी पडते.

केबलवाल्याकडेही चित्र शेवटी उपग्रहावरूनच येते. फरक एवढा की त्याच्या केंद्रावरच्या छत्र्या मोठ्या असतात आणि त्या ज्या लहरींवर चालतात त्यांना पावसाचा त्रास कमी होतो. म्हणून मुसळधार पावसात घरची छत्री थांबते, तेव्हा केबल बहुधा चालू राहते.

दोष दोन आहेत. पहिला विजेचा. केबलच्या वाटेवर खांबाखांबावर सिग्नल वाढवणारी यंत्रे असतात. गल्लीची वीज गेली आणि त्या यंत्रांना बॅटरीचा आधार नसला तर आपल्या घरी इन्व्हर्टर असूनही चित्र येत नाही. भारनियमन सोसणाऱ्या यंत्रमागाच्या गावांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. दुसरा दोष बॉक्सचा. डिजिटल केबलची सक्ती मुंबईत २०१२ साली, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा शहरांत २०१३ साली आणि बाकी शहरे व खेडी यांत २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने आली. त्या वेळी घाईने बसवलेले बहुतेक बॉक्स साध्या चित्राचे होते. तोच बॉक्स आजही घरी असेल तर नव्या टीव्हीवर एचडी दिसणार नाही. केबलचालकाकडे एचडी बॉक्स साफ शब्दांत मागावा लागतो.

छत्री : एक पैशाची, एक मोफत

छत्रीने चित्र घेणे म्हणजे सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी थेट सौदा. मधला माणूस नाही आणि गल्लीच्या विजेची पर्वा नाही. घरी इन्व्हर्टर असला की झाले. खेड्यात, शेतावर किंवा गावाबाहेरच्या कारखान्यात, जिथे केबलची तार पोहोचत नाही, तिथे हाच रस्ता आहे.

अट एकच, आकाश मोकळे हवे. महाराष्ट्रातून पाहिले तर आपल्या कामाचे उपग्रह दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या बाजूला येतात. छत्री बसवण्याआधी त्या दिशेला उंच भिंत, पाण्याची टाकी किंवा झाड नाही ना, हे पाहावे. जोरदार पावसात काही मिनिटे चित्र जाते. डिजिटल चित्र हळूहळू अंधुक होत नाही, ते चौकोनांत फुटते आणि एकदम थांबते. त्यासाठी मेकॅनिक बोलावून पैसे देऊ नयेत, पाऊस ओसरला की ते परत येते. पाऊस नसतानाही वरचेवर असे होत असेल तर तारेच्या जोडात पाणी शिरले आहे किंवा वाऱ्याने छत्री हलली आहे असे समजावे.

छत्रीत दोन प्रकार आहेत. एक खासगी कंपन्यांचा, ज्यात रिचार्ज संपला की चित्र बंद होते. दुसरा दूरदर्शनचा डीडी फ्री डिश. तो डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाला. छत्री आणि बॉक्स यांचा साधारण दोन हजार रुपयांच्या आसपासचा एकदाचा खर्च, पुढे मासिक भाडे नाही. सह्याद्री वाहिनी, बातम्या, जुने चित्रपट हे सर्व यात मिळते. १९९४ नव्हे, तर २००७ साली झालेल्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण दूरदर्शनला द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की असे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावरच दाखवता येईल, खासगी केबल आणि कंपन्यांच्या छत्रीवर नाही. म्हणून भारताचा महत्त्वाचा सामना फ्री डिशवर फुकट दिसतो आणि महिन्याला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या दूरदर्शन वाहिनीवर दिसत नाही, असा प्रकार घडतो.

मात्र फ्री डिश ही मुख्यतः साध्या चित्राची सेवा आहे. दूरदर्शनच्या स्वतःच्या मोजक्या एचडी वाहिन्या त्यावर मिळतात आणि त्यासाठीही एमपेग-४ जातीचा बॉक्स लागतो. जुना एमपेग-२ बॉक्स त्या दाखवत नाही. बाजारात स्वस्त म्हणून जुना बॉक्स गळ्यात मारला जातो. घेताना खोक्यावरचे नाव वाचून घ्यावे.

चार कड्यांची साखळी

केबल असो की छत्री, एचडी चार कड्यांनी घरात येते : वाहिनी, बॉक्स, तार आणि सेट. चारही एचडी हव्यात. एक कच्ची निघाली की बाकी तिघींचा पैसा वाया. सर्वांत जास्त चूक तारेत होते. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी तार जोडलेली असेल तर कितीही महाग पॅक घ्या, चित्र साधेच दिसणार. ती तार एचडी वाहून नेऊच शकत नाही. तिथे एचडीएमआय तार हवी. काही शे रुपयांच्या तारेमुळे हजारो रुपयांचा टीव्ही बदनाम होतो.

महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशोब

ट्रायने १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीवार दर लागू केले. ग्राहकाने वाहिनी निवडावी आणि तिचेच पैसे द्यावेत, असा त्यामागचा हेतू. जोडणीच्या मूळ भाड्यावर तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ती उठवण्यात आली. आता प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय सौदा करू नये.

उदाहरण घेऊ. १९ रुपयांच्या चार एचडी वाहिन्या घेतल्या तर महिन्याला ७६ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून जवळपास ९० रुपये. वर्षाचे झाले सुमारे १,०७६ रुपये, आणि हे मूळ भाड्याच्या वर. घरात त्या चारपैकी एकच वाहिनी पाहिली जात असेल तर तीन चतुर्थांश रक्कम फिजूल गेली. त्यात एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा घेतलेली असते, हेही पुष्कळ घरांत आढळते. बिल उघडून एकदा यादी तपासावी आणि दुबार वाहिनी बंद करावी.

ट्रायच्या आकडेवारीनुसार पैशाच्या छत्रीच्या जोडण्या २०२० साली सात कोटींच्या घरात होत्या, त्या २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आल्या. काही ग्राहक फ्री डिशकडे गेले, काही इंटरनेटकडे. याचा अर्थ, आज ग्राहक टिकवण्याची गरज कंपनीला आणि केबलचालकाला आहे. घासाघीस करण्याची हीच वेळ आहे.

कोणी काय घ्यावे?

ज्या घरात बातम्या, जुने चित्रपट आणि अधूनमधून सामना एवढेच पाहिले जाते आणि टीव्ही ३२ इंची आहे, त्यांनी फ्री डिश घ्यावी आणि वाचलेला पैसा दुसऱ्या कामाला लावावा. इमारतीत किंवा दाट मोहल्ल्यात राहणाऱ्यांनी, ज्यांना इंटरनेटही हवे आहे, त्यांनी केबल घ्यावी, पण एचडी बॉक्स आणि एचडीएमआय तार यांची खात्री करून. मोठा पडदा आहे, खेळांचा शौक आहे आणि वीज बेभरवशाची आहे, त्यांनी खासगी कंपनीची छत्री पाहावी आणि वाहिन्या मोजून घ्याव्यात.

आपल्यापैकी जे टीव्ही विकतात किंवा जोडणी बसवतात, त्यांनाही एक सांगणे आहे. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या पडद्याचा ग्राहक दुकानात येणार. सेट विकताना त्याला दोन प्रश्न विचारा : घरी बॉक्स कोणता आहे आणि तार कोणती आहे? हे विचारायला एक मिनिट लागते. त्याने पुढची तक्रार टळते, आणि ग्राहक पुढच्या खरेदीला त्याच दुकानाची पायरी चढतो.